लॉ कॉलेजची प्रवेश मुलाखत: तीन आठवड्यांत तयारी कशी करावी? (राजापूर तालुका, बारावी कला)

खाडीकाठ

सर्वांना नमस्कार. पुण्यातल्या एका खासगी लॉ कॉलेजच्या पाच वर्षांच्या बीए एलएलबीसाठी लेखी परीक्षा दिली होती, मुलाखतीच्या यादीत नाव आलं आहे. मुलाखत तीन आठवड्यांनी, ऑनलाइन, इंग्रजीतून. पॅनेलवर दोन-तीन जण आणि वेळ साधारण पंधरा मिनिटं, एवढंच सूचनेत दिलंय.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून. घरात मासेमारी. अर्जात छंद म्हणून ‘वाचन’, आवडीचा विषय म्हणून ‘किनारा आणि पर्यावरण’ लिहिलंय, आणि एनएसएसमधून कातळशिल्पांच्या जागेवर केलेल्या कामाचा उल्लेख आहे.

विचारायचं असं की कायदा किती वाचून जायचा, संविधान पूर्ण वाचावं का? नाणार-बारसूच्या रिफायनरीबद्दल विचारलं तर मत द्यायचं की टाळायचं? इंग्रजी अडखळलं तर किती गुण जातात? आणि सीईटीचा अर्जही भरलाय, तिथेही मुलाखत असते का?

कोर्टरोड

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. नसते. राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी म्हणजे गुण, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या. क्लॅटमध्येही मुलाखत नाही, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे बीए एलएलबीचे प्रवेश क्लॅटवरच होतात. मुलाखतीचा टप्पा मुख्यतः खासगी आणि अभिमत विद्यापीठांकडे. तिथे लेखीला किती वजन आणि मुलाखतीला किती, हे यंदाच्या माहितीपत्रकात शोधून काढा. गेल्या वर्षीचे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे आकडे धरू नका, हे प्रमाण बदलत असतं.

आता कायदा किती. संविधान पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला घेऊ नका, तीन आठवड्यांत डोक्यात फक्त आकडे राहतील. उद्देशिका, आणि भाग तीनमधली १४, १९, २१ आणि ३२ ही कलमं नीट करा. त्यांच्या जोडीला ३९अ (मोफत कायदेशीर मदत), ५१अ (मूलभूत कर्तव्यं) आणि उच्च न्यायालयाचा २२६. बस्स. पण प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं आणि एक उदाहरण, तेही स्वतःच्या शब्दांत, तोंडावर हवं.

मुलं ठेचकाळतात ती ठरलेल्या जागी. कलम १९ सांगताना भाषण-अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सांगून थांबतात. त्याच कलमात पुढे वाजवी निर्बंध आहेत हे पॅनेलला आठवण करून द्यावं लागतं. दुसरी जागा ३२ आणि २२६. ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येतं ते मूलभूत हक्कांसाठी. २२६ खाली उच्च न्यायालय इतर कायदेशीर हक्कांसाठीही रिट (म्हणजे शासनाला बांधणारा आदेश) काढू शकतं. म्हणजे त्या एका बाबतीत उच्च न्यायालयाचा हात जास्त लांब पोचतो. हे सांगितलंत तर पुढचा प्रश्न तुमच्या सोयीचा येण्याची शक्यता वाढते.

फौजदारी कायद्यांत १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. त्यामुळे ‘३०२ लावला’, ‘४२० केस’ ही जुन्या दंड संहितेच्या कलमांची बोलीतली भाषा मुलाखतीत नको. खुनाची शिक्षा आता न्याय संहितेच्या १०३ मध्ये, फसवणूक ३१८ मध्ये, आणि जमावबंदीचं जुनं १४४ म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. क्रमांक आठवत नसेल तर सांगूच नका, ‘न्याय संहितेतलं खुनाबद्दलचं कलम’ एवढं पुरतं. चुकीचा क्रमांक ठासून सांगणं हे माहीत नसण्यापेक्षा वाईट. आणि राजद्रोहाचं जुनं १२४अ ‘फक्त क्रमांक बदलून १५२ झालं’ असं म्हणू नका. शब्दरचना वेगळी आहे, वाद त्यावरच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली उमेदवार म्हटल्यावर टिळकांचा १९०८ चा खटला कुणी काढला तर तो याच १२४अ खाली होता, एवढं जोडून सांगता यायला हवं.

आपल्या न्यायालयांची उतरंड माहीत हवी. राजापूरला दिवाणी न्यायालय, रत्नागिरीला जिल्हा व सत्र न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. सोबत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. हे ताजं आहे आणि तुमच्या जिल्ह्याचं आहे. सर्किट बेंच आणि कायम खंडपीठ यांतला फरकही बघून ठेवा: १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. सर्किट बेंच मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने बसवू शकतात, कायम खंडपीठाला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. बारावीच्या मुलीकडून हे कुणी अपेक्षित धरत नाही, म्हणूनच उपयोगी.

खडू_फळा

कोर्टरोड यांनी दिलेलं वाचाच, पण वेळेची वाटणी करताना ते एक तृतीयांश धरा. पहिल्या वर्षाला जे शिकवायचं ते पॅनेल मुलाखतीत तपासत नाही. पॅनेल बघतं ते असं: मुलगी वस्तुस्थिती आणि मत वेगळं ठेवते का, आणि उलट प्रश्न आला की तिचा मुद्दा टिकतो, सुधारतो की मोडतो.

पंधरा मिनिटांत आठ-दहा प्रश्न होतात, त्यातले निम्म्याहून जास्त तुमच्या अर्जातून निघतात. अर्जाची प्रत समोर घ्या आणि प्रत्येक शब्दाखाली तीन प्रश्न लिहा. ‘वाचन’ हा सगळ्यांत धोक्याचा शब्द. शेवटचं पुस्तक कोणतं, लेखकाचं काय पटलं नाही, शेवट तुम्ही कसा केला असता. मराठी पुस्तक सांगायला काहीच हरकत नाही, फक्त त्याचं सार इंग्रजीतून चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. दोन पुस्तकं पक्की करा. पाच नकोत.

‘किनारा आणि पर्यावरण’ लिहिलंत म्हणजे सीआरझेडबद्दल (किनारी नियमन क्षेत्राचे नियम) विचारणारच. त्यावर बंदरावरचा लिहितीलच, त्यांचं ते क्षेत्र.

कातळशिल्पं: तिथे स्वच्छता केली म्हणून थांबू नका. कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. त्यात तुमच्या तालुक्यातलं बारसू आहे, देवीहसोळ आहे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळही. तात्पुरती यादी म्हणजे जागतिक वारसा दर्जा नव्हे, इथे बरीच मुलं घसरतात. पुढचा प्रश्न बहुधा असा येईल: शिल्प खासगी मालकीच्या सड्यावर असेल तर मालकाला चिरेखाण काढू द्यायची का? याला तयार उत्तर नसतं. मालकाचा हक्क मांडा, सार्वजनिक हित मांडा, मग भरपाई, संरक्षित स्मारकाची घोषणा, ठरावीक क्षेत्रापुरती बंदी असे मधले मार्ग मांडा. संपत्तीचा हक्क आता मूलभूत हक्क नाही, ३००अ खालचा संवैधानिक हक्क आहे, हे तिथे सहज बसतं.

मतांच्या प्रश्नाला मी चार पायऱ्या सुचवतो. आधी वस्तुस्थिती, दोन वाक्यांत. मग कायद्याचा नेमका प्रश्न कोणता. मग तुम्हाला न पटणाऱ्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा. शेवटी तुमचं मत, कारणासकट. तिसरी पायरी गाळली की उत्तर भाषण होतं.

बारसूवर ते असं दिसेल. वस्तुस्थिती: रिफायनरी आधी नाणारला ठरली, तिथली जमिनीची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, नंतर बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माती परीक्षणाला विरोध झाला. नाणार आणि बारसू एकच धरून बोलू नका, दोन्ही तुमच्याच तालुक्यात आहेत आणि पॅनेलला ते ठाऊक असतं. कायद्याचे प्रश्न: जमीन कोणत्या कायद्याखाली घ्यायची? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते. औद्योगिक क्षेत्रासाठी राज्याचा १९६१ चा एमआयडीसी कायदा वेगळा आहे. पर्यावरण परवानगीत जनसुनावणी येते ती २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेतून. आंदोलनाला १९(१)(ब), म्हणजे शांततेने एकत्र जमण्याचा हक्क, आणि जमावबंदीला नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. विरोधी बाजू: रोजगार, मुंबईला जाणारी तरुण पिढी, देशाची इंधनाची गरज. मग मत. बाजूने असो वा विरोधात, त्याचा गुणांशी संबंध नाही.

टाळायचं का? अजिबात नाही. राजापूरच्या मुलीने ‘माझं काही मत नाही’ म्हणणं कुणालाच खरं वाटणार नाही.

सरावासाठी एक नियम-वापराचा प्रश्न देतो. जेटीवर पाटी आहे, ‘वाहनांना प्रवेश बंद’. बर्फाची हातगाडी चालेल? लहान मुलाची सायकल? बुडालेल्याला न्यायला आलेली रुग्णवाहिका? हातगाडीला ‘वाहन’ म्हणायचं की नाही, पाटी कशासाठी लावली (गर्दी, जेटीवरचा भार, अपघात), आणि हेतू बघून अपवाद कोण करणार, रखवालदार की पाटी लावणारा अधिकारी, असं बोलत जा. पॅनेल मध्येच एक तपशील बदलेल: हातगाडीला मोटार बसवली तर? तेव्हा आधीचं उत्तर बदलावं लागलं तर बदला आणि का बदललं ते सांगा.

बंदरावरचा

नमस्कार गो. मासेमारीच्या घरातली आहेस म्हणजे पॅनेल सीआरझेडपेक्षा आधी पर्ससीन (मासळीचा थवा वेढून उचलणारं मोठं जाळं) विचारील असा माझा अंदाज. दोन्ही करून ठेव.

पर्ससीन हा विषय बंदरावर भांडणाचा, मुलाखतीत तो संघराज्याचा होतो. सातव्या अनुसूचीत राज्य सूचीची २१ वी नोंद ‘मत्स्यव्यवसाय’, आणि केंद्र सूचीची ५७ वी नोंद प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी. प्रादेशिक समुद्र म्हणजे १२ सागरी मैल. तेव्हा बाराच्या आत राज्याचा कायदा: महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१, त्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. बाराच्या बाहेर केंद्र. फेब्रुवारी २०१६ च्या राज्याच्या आदेशाने पर्ससीनवर क्षेत्राची आणि हंगामाची बंधनं घातली. एलईडी लावून मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस.

मग प्रश्न येतो: कायदा आहे, तर बोटी का थांबत नाहीत? इथे ‘भ्रष्टाचार’ म्हणून मोकळी होऊ नको. कारणं सांग: गस्ती नौका कमी, किनारा लांब, रात्री बोट बाराच्या आत होती की बाहेर हे सिद्ध करणं अवघड, परराज्यातली बोट असली तर आणखी गुंता, आणि जाळं एकदा ओढून झालं की पुरावा उरतो तो फक्त मासा. उपाय विचारला तर बोटीवरचं ट्रान्सपॉन्डर, ड्रोनने टेहळणी, बंदरावर मासळी उतरवतानाच नोंद, असं ठोस काहीतरी.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही पाठ हवा. पर्ससीनवाल्यालाही कर्ज आहे, त्याच्या बोटीवर वीस-पंचवीस खलाशी असतात, आणि परवाना शासनानेच दिलेला. कलम १९(१)(छ), धंद्याचं स्वातंत्र्य, तोही मांडणारच. तुझा बाबा पारंपरिक जाळ्याचा असेल तर हे बोलताना जीभ जड होईल, आत्ताच सवय कर.

सीआरझेड थोडक्यात: पहिली अधिसूचना १९९१, मग २०११, आणि आताची जानेवारी २०१९ ची. तिन्ही १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या. समुद्रकिनारी भरतीच्या कमाल रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर. गावांकडचा भाग बहुतेक सीआरझेड-३. २०१९ मध्ये त्याचे दोन तुकडे केले: २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ३-अ, तिथे ना विकास क्षेत्र ५० मीटर, बाकी ३-ब, तिथे २०० मीटर. खाडीचं मोजमाप वेगळं, ते मिसळू नको. लोक काय करतात, ५०० मीटरला ‘बांधकामबंदी’ म्हणतात. ५०० हे नियमनाचं क्षेत्र, बंदीचा पट्टा त्याच्या आत. एवढा फरक सांगितलास की अर्जातला ‘किनारा’ हा शब्द खरा ठरला.

आणखी एक. पॅनेलवरच्यांना कोळी-गाबित-दालदी हा फरक, रापण, गिलनेट, काही ठाऊक नसेल. शब्द वापर, पण त्याच दमात अर्थ सांग. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं, एवढं पुरे. पाच मिनिटं जाळ्यांवर गेली तर मुलाखत संपली समज.

खाडीकाठ

खूप आभार, दादा, सर. दोन शंका. ‘वकील का व्हायचं’ याला मी लिहून ठेवलंय की गरिबांना न्याय मिळवून द्यायचा आहे. ते खरंच आहे, पण सगळेच तसं म्हणत असतील ना? आणि आरोपी दोषी आहे हे कळल्यावर त्याचा खटला लढवाल का, या प्रश्नावर मी अडकते. इंग्रजीचंही कुणी सांगा.

कोर्टरोड

‘गरिबांना न्याय’ हे वाक्य खोटं नाही, पोकळ आहे. त्याच्या जागी एखादी अडचण ठेवा जी कायद्याने सुटते किंवा अडते, आणि तुम्हाला जवळून माहीत आहे. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, वारस बावीस, त्यातले पंधरा मुंबईत, म्हणून घराच्या दुरुस्तीला कर्ज मिळत नाही. हे कोकणात घरोघरी आहे. बोट बुडाल्यावर विम्याचा दावा कागदाअभावी फेटाळला जातो, हेही. असं एक उदाहरण, त्यात वकिलाला नेमकं काय करता आलं असतं, आणि म्हणून हा अभ्यासक्रम. साठ ते नव्वद सेकंद. पुढचा प्रश्न येईल: मग समाजसेवा किंवा प्रशासन का नाही? त्याचं उत्तरही आत्ताच तयार हवं.

दोषी आरोपी. आधी ‘दोषी’ हा शब्द तपासा. दोषी कोण हे न्यायालय ठरवतं, पोलीस किंवा वकील नाही. कलम २२(१) मध्ये अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे, ३९अ मध्ये मोफत मदतीचं तत्त्व. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत. मग मर्यादा सांगा: सरकारी पक्षाने गुन्हा सिद्ध केला का हे वकील तपासू शकतो, पण खोटा साक्षीदार उभा करू शकत नाही, न्यायालयाची दिशाभूल करू शकत नाही. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक उत्तरांत नसतो. आणि ‘मी अशी केस घेणारच नाही’ हे उत्तर द्यायचं असेल तरी द्या, पण ‘मग सगळ्याच वकिलांनी तसं केलं तर?’ याला सामोरं जायची तयारी ठेवून.

कोकणाशी जोडायला खटल्यांपैकी एकच निवडायचा तर महाडचं चवदार तळं निवडा. सत्याग्रह २० मार्च १९२७ चा सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतर दिवाणी दावा झाला आणि तो दहा वर्षं चालला हे थोड्यांना. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. मात्र ‘न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली’ असं सांगू नका. निकाल पुराव्यावर होता: अस्पृश्यांना मज्जाव करणारी वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही. अस्पृश्यता संविधानाने संपवली, कलम १७ ने. निकाल काय म्हणतो आणि आपल्याला त्याने काय म्हणायला हवं होतं, यातला फरक ओळखणारी मुलगी पॅनेलला आवडते.

त्याच वर्षी, १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती (खोतांमार्फत शेतसारा वसुलीची पद्धत) नष्ट करण्याचं विधेयक आणलं. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ पासून सुरू होता. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ चा. आंदोलन, विधेयक, कायदा हा क्रम एका वाक्यात आला तर ‘कायदा समाज बदलतो का’ या नेहमीच्या प्रश्नाला तुमच्याकडे पुस्तकी नसलेलं उत्तर तयार.

तिसरी_घंटा

इंग्रजीचं मी सांगते. उच्चाराला गुण जात नाहीत, न कळण्याला जातात. मराठी माध्यमाच्या मुलांचा खरा घोटाळा व्याकरणात नसतो, वाक्याच्या लांबीत असतो. मराठीत मनात तयार झालेलं लांब वाक्य इंग्रजीत वळवायला जातात, क्रियापद शेवटी राहतं, मधेच सूत तुटतं आणि ‘अ‍ॅक्च्युअली, बेसिकली’ सुरू होतं. म्हणून बारा शब्दांवर वाक्य नाही. एक वाक्य, एक मुद्दा, थांबा.

सराव पाठांतराचा करू नका. बारा प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा, रोज चार उचला, मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा. प्रत्येक उत्तराला नव्वद सेकंदांचा गजर लावा. ऐकताना तीनच गोष्टी बघा: पहिल्या दहा सेकंदांत उत्तर आलं का की प्रस्तावनाच चालली आहे, शेवट ऐकू येतो का (आपल्याकडे वाक्याचा शेवट गिळायची सवय फार), आणि तोच शब्द किती वेळा आला. लिखित उत्तर पाठ असलं की डोळे वर जातात आणि आवाज सपाट होतो, कॅमेऱ्यावर ते लगेच दिसतं. मुद्द्यांचे चार शब्द लक्षात ठेवा, वाक्यं तिथल्या तिथे होऊ द्या.

कायद्यातले वीसेक शब्द मात्र मोठ्याने म्हणून पक्के करा: प्रिअ‍ॅम्बल, ज्युरिस्डिक्शन, पिटिशन, रिझनेबल रिस्ट्रिक्शन्स, नोटिफिकेशन, प्रोपोर्शनॅलिटी. वाचनात ओळखीचे असतात, तोंडातून पहिल्यांदा मुलाखतीतच बाहेर पडतात आणि अडखळायला होतं.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, एकदा. दुसऱ्यांदाही कळला नाही तर तुम्हाला जे समजलं ते सांगून ‘आपण हेच विचारताय का’ म्हणा. विचार करायला पाच सेकंद गप्प राहिलात तर चालतं. एखादा शब्द आठवलाच नाही तर मराठी शब्द सांगून लगेच अर्थ सांगा. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, पण यावरून अंदाज असा’ आणि तो अंदाज खरोखरच तर्काने काढा. एका मुलाखतीत दोनदा असं चालतं, सहादा नाही.

बातम्यांसाठी रोज एक इंग्रजी दैनिक, त्यातली न्यायालयाची एक बातमी निवडून तिचं पाच ओळींत टिपण: पक्षकार कोण, प्रश्न काय, न्यायालय काय म्हणालं, अंतिम निकाल की अंतरिम आदेश. शेवटचं विसरू नका. ‘सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला’ म्हणून जे सांगितलं जातं ते कितीदा तरी तोंडी शेरे असतात. तीन आठवड्यांत वीस टिपणं होतील, त्यातली सहा-सातच कामाला येतील, ते ठीक आहे.

सराव मुलाखत घरच्यांसमोर घेऊ नका. ते मध्येच थांबवत नाहीत. शाळेतले इंग्रजीचे सर आणि राजापुरातले एखादे वकील यांना अर्धा तास मागा आणि त्यांना मुद्दाम तोडायला सांगा.

बंदरावरचा

ऑनलाइन आहे म्हणून थोडं तांत्रिक, कारण आपल्याकडे खरी परीक्षा महावितरण घेतं.

मुलाखत मे अखेर किंवा जूनमध्ये आली तर वळवाच्या एका सरीत लाइन जाते, आणि लाइन गेली की वायफायही गेलं. मोडेमला वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो घे किंवा कुणाचा आण. लॅपटॉप पूर्ण चार्ज, शिवाय मोबाईल हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तयार. त्याच खोलीत, त्याच वेळी, आदल्या दोन दिवशी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून बघ. सकाळी रेंज असते आणि दुपारी नसते अशी घरं किनाऱ्याला पुष्कळ. रेंज भरवशाची नसेल तर राजापूर किंवा रत्नागिरीत नातेवाइकाकडे आदल्या दिवशी जाऊन राहा. सायबर कॅफे नको, आवाज फार आणि पाठीमागे माणसं दिसतात.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, लॅपटॉपखाली जाड पुस्तकं. उजेड तोंडावर, पाठीला खिडकी नको. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तेव्हा माइकचा इअरफोन वायरवाला. संपर्क तुटला तर कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर लिहून भिंतीला लाव, स्क्रीनवर नको. तुटला तर पुन्हा जोडल्यावर एका वाक्यात माफी आणि जिथे होतीस तिथून पुढे. आपल्या गावच्या लाइटची कथा सांगू नको.

प्रत्यक्ष बोलावलं तर आदल्या दिवशीच पुणं गाठ. रात्रीच्या एसटीने सकाळी उतरून थेट मुलाखतीला जाऊ नको, घाटात झाड पडलं की गाडी तीन तास अडकते.

खडू_फळा

कागदपत्रांचं राहिलं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, लेखी परीक्षेचं प्रवेशपत्र आणि निकाल, ओळखपत्र, अर्जात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा (एनएसएसचं प्रमाणपत्र धरून) आणि अर्जाची छापील प्रत. ऑनलाइन असली तरी मूळ कागद टेबलावर, कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेवर आणि आधारवर वेगळं असेल तर आजच दुरुस्तीला टाका.

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बारावीचा निकाल यायचा असेल तर प्रवेश तात्पुरता राहतो.

मुलाखतीच्या गडबडीत सीईटीची बाजू सोडू नका. कॅपमध्ये आरक्षण हवं असेल तर जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर (अनुसूचित जाती-जमातींना नाही; बाकीच्यांनी त्याची मुदत कोणत्या ३१ मार्चला संपते ते बघा) आणि जात पडताळणी लागते. यातली पडताळणी सर्वांत वेळखाऊ. रत्नागिरीच्या समितीकडे अर्ज गेला नसेल तर तो या आठवड्यात द्या, पोच जपून ठेवा. सेतूत जाताना शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला आणि आजोबांच्या काळातला जातीची नोंद असलेला एखादा कागद सोबत घ्या. तो शेवटचा कागद शोधायलाच वेळ लागतो, म्हणून आजच पेटी उघडायला सांगा.